एमाबाई, बारीक आवाजाकडून आभार

आदरणीय एमा कर्कबी यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही इंग्लंडच्या गायिका, पण आमच्याकडे गाणाऱ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, म्हणून एमाबाई म्हणते. पत्र मराठीत आहे, तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पण आभार किती वर्षं मनात ठेवायचे!

मी पुण्यात शाळेत शिकवते आणि रविवारी एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज) गाते. बाविसाव्या वर्षी एका परीक्षकांनी ऐकवलं, "आवाज गोड आहे, पण शेवटच्या रांगेपर्यंत जायचा नाही." मग मी जोर लावू लागले. दोन वर्षांत घसा बसला आणि गाणंही.

त्याच सुमारास कुणीतरी तुमची जॉन डाउलंड या जुन्या इंग्रज संगीतकाराच्या गाण्यांची सीडी दिली. साथीला अँथनी रूलींचं ल्यूट, म्हणजे तारा छेडून वाजवायचं जुनं युरोपी वाद्य. त्या वाद्याचा नाद इतका नाजूक, की गाणाऱ्याने आवाज चढवला तर ते ऐकूच येणार नाही. तुम्ही चढवत नाही. सूर सरळ, कंप बेताचा आणि शब्द न् शब्द स्वच्छ. चारशे वर्षांपूर्वीचं ते इंग्रजी मला निम्मंच समजलं, तरी नेमका कुठला शब्द दुखतोय ते कळत होतं.

मग तुमच्याबद्दल वाचलं. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन, नंतर शाळेत शिकवणं. गाणं हा पेशा होईल असं डोक्यातही नव्हतं. 1970च्या दशकात रूलींच्या 'कन्सॉर्ट ऑफ म्यूझिक' या जुनं संगीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गटात आलात, पुढे वाद्यवृंद-संचालक क्रिस्टोफर हॉगवुड यांच्याबरोबर हँडेलचा 'मसाया' (येशूवरची मोठी संगीतरचना), शिवाय बाराव्या शतकातल्या हिल्डेगार्ड या जर्मन संन्यासिनीची पदं. 2007 मध्ये 'डेम' हा ब्रिटिश किताब मिळाला. खरं सांगू? मला किताबापेक्षा ती शाळेतली नोकरीच जास्त भावली.

जुन्या वाद्यांची पट्टीही तुमच्यामुळेच कळली. आजचा 'ए' हा सूर सेकंदाला 440 कंपनांचा, बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाद्यांवर तो बहुधा 415चा. म्हणजे आमच्या पेटीवर पांढरी सहाऐवजी काळी चार! एवढंसं उतरलं तरी घसा किती मोकळा होतो, ते माझं मला ठाऊक.

गेल्या डिसेंबरात 'मसाया'तलं 'हाऊ ब्यूटिफुल आर द फीट' माझ्या वाट्याला आलं. जोर लावला नाही. आई मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली होती. तिला इंग्रजी येत नाही. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आज ओरडली नाहीस. सगळं ऐकू आलं."

तेवढं कळवायचं होतं.

आपली,
एक सोप्रानो