श्रेयनामावलीतले नाव पुसू नका

महोदय,

व्हिडिओ गेम बनवणारे हिदेओ कोजिमा कोनामीतून बाहेर पडले त्याला दहा वर्षे होऊन गेली, तरी आमच्या क्षेत्रात तो विषय निघतोच. १९८६ मध्ये ते या जपानी कंपनीत लागले, पुढच्याच वर्षी ‘मेटल गिअर’ हा गेम केला आणि २०१५ मध्ये निघाले. जाता जाता त्यांच्या शेवटच्या ‘मेटल गिअर’च्या वेष्टनावरून त्यांचे नाव गाळले गेले. त्याच डिसेंबरात गेमच्या पुरस्कार सोहळ्यालाही कोनामीने त्यांना येऊ दिले नाही, असे निवेदकाने मंचावरून सांगितले. गेमच्या आत मात्र प्रत्येक मोहिमेला त्यांचे नाव झळकते. ते कोण पुसणार?

कोजिमांनी लगेच स्वतःचा स्टुडिओ काढला, सोनी पाठीशी उभी राहिली. ‘मेटल गिअर’ हे नाव मात्र कोनामीकडेच राहिले. कायद्याने ते बरोबर असेलही, मला ते पटत नाही.

मी अंधेरीत मोबाइल गेमसाठी पार्श्वचित्रे काढते. चाळीच्या कठड्याचा उडालेला रंग, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल यांवर अख्खा आठवडा जातो. आधीची नोकरी सोडल्यावर पुढच्या अपडेटमध्ये माझे नाव गायब झाले, भिंती तशाच आहेत. नव्या ठिकाणी काम दाखवायचे तर पुरावा काय देणार? आमच्यामागे सोनी नाही. राज्याच्या ॲनिमेशन-गेमिंग धोरणाखाली सवलती घेणाऱ्या स्टुडिओंना सरकारने एवढी अट जरूर घालावी: नोकरी सोडली तरी केलेल्या कामावरचे नाव काढता येणार नाही.

– एक गेम आर्टिस्ट, बोरिवली