तान्ह्या पोळ्याचे फोटो टाकण्याआधी वाचा

नमस्कार पालकहो,

तान्हा पोळा जवळ आलाय. धोतर-फेटा घालून, लाकडी नंदी ओढत पोरं निघाली की फोटो काढल्याशिवाय राहवत नाही, आणि काढावेतच. विनंती एवढीच, की ते सगळ्यांना दिसेल अशा अकाउंटवर टाकू नका. चेहरा स्पष्ट असलेला एकच फोटो एआयला पुरतो. त्यावरून लेकराचं नग्न, खोटं चित्र बनवता येतं. मागच्या वर्षी मी लेकीचा फोटो स्टेटसला ठेवला. मोठा करून पाहिला तर गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव, वर्ग, शाळा सगळं वाचता येत होतं! लगेच काढला, पण तोवर पुष्कळांनी पाहिला होता.

म्हणून या ग्रुपवर दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईबाबांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही. नंदीचा किंवा पाठमोरा फोटो खुशाल टाका. डीपी आणि स्टेटस फक्त ओळखीच्या नंबरांनाच दिसू द्या. आंघोळीचे फोटो कुठेच नकोत, आजी-आजोबांच्या ग्रुपवरही नकोत.

तरीही काही विपरीत घडलंच, तर आधी मुलाला जवळ घ्या, रागावू नका. ते चित्र ‘बघा काय झालं’ म्हणूनही कुणाला पाठवू नका. लिंक, अकाउंटचं नाव, तारीख लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलांच्या बाबतीत ती नाव न देताही करता येते. चाइल्डलाइन १०९८ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. आजच सेव्ह करून ठेवा.