वहिनी, तुमच्या उशिराच्या चहाबद्दल

वहिनी,

तोंडावर आभार मानले असते तर "चला, काहीतरीच!" म्हणत तुम्ही ओट्याकडे वळला असता. म्हणून लिहून, आणि मुद्दाम चारचौघांत.

आईची थायरॉईडची गोळी 50 वरून 75, मग 100 मायक्रोग्रॅमवर गेली, तरी रक्तातलं टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढतं ते) खाली यायचं नाव घेईना. पाय जड, आवाज जड, सांगलीच्या मे महिन्यात अंगावर शाल. डॉक्टरांनी दर वेळी रिपोर्ट बघितला, डोस वाढवला, पुढचा पेशंट. गोळी कशी घेता, हे एका शब्दानं विचारलं नाही. आम्ही भावंडं तरी कुठली शहाणी! मी पुण्याहून रोज फोनवर, "गोळी घेतलीस?" ती म्हणायची, "घेतली." खोटं नव्हतंच ते. सात कप्प्यांचा डबा पाठवला, त्यात तिनं फुलवाती भरून ठेवल्या. दादाचं एकच पालुपद, "वय झालं आता."

गोळी पहाटेच्या दुधाच्या चहाबरोबर जातेय आणि पाठोपाठ कॅल्शियमची, हे बघितलं तुम्ही. औषधाच्या दुकानात विचारूनही आलात, अशानं गोळी अंगी लागत नाही म्हणे. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही. कॅल्शियम चार तासांनी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर ढकललं, ते सोपं होतं. पण पाचच्या चहाशिवाय जिचा दिवस उगवत नाही तिला थांबवायचं कुणी? मी असते तर ओरडले असते.

तुम्ही स्वतःचा चहा थांबवलात. "आई, मला एकटीला गोड लागत नाही, बरोबरच घेऊ." डबे, पाणी भरणं, मिरजेला शाळेवर जायची घाई, कृष्णेवरून येणारा गारठा, आणि घोटभर चहा नाही. एक दिवस नव्हे, आठ महिने! आईला अजून वाटतंय की तीच तुमच्यासाठी थांबते. (तिला हे कुणी वाचून दाखवू नका.) मला कळलं तेव्हा न्हाणीत जाऊन रडले. पोटच्या पोरांना जमलं नाही हो. असली माणसं घरात असतात म्हणून घरं उभी राहतात, आणि फोटोत मात्र आम्ही पुढं.

टीएसएच आता हद्दीत आहे, डोस उलट कमी झालाय. मागच्या आठवड्यात आई आयर्विन पुलापर्यंत चालत गेली, येताना भडंग घेऊन आली.

दिवाळीत मी साडेपाचला तुमच्यासाठी चहा टाकायला उठले, तर आई आतून दटावत म्हणाली, "थांब गं, तिचा तास व्हायचाय अजून."

तुमची नणंद