लॅपटॉपचा वेग अर्ध्या तासानंतर मोजा

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतली लॅपटॉपची परीक्षणे मी आवर्जून वाचते. प्रोसेसर कोणता, कोअर किती, कमाल गिगाहर्ट्झ किती, वजन किती, सगळे असते. प्रोसेसर सलग अर्धा तास पूर्ण ताणावर चालला की त्यातला किती वेग उरतो, एवढेच नसते. माझे काम नेमके त्यावर अडते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. उंच इमारत भूकंपात कशी हलेल हे तपासताना एकेक ॲनालिसिस दोन-तीन तास चालते आणि तेवढा वेळ सगळे कोअर जुंपलेले असतात. गेल्या वर्षी परीक्षणे वाचूनच मी एक सडपातळ लॅपटॉप घेतला. सहकाऱ्याकडे तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम, फक्त यंत्र जाडजूड. इमारतीचे एकच मॉडेल दोघांनी चालवले. त्याचे काम दोन तास चाळीस मिनिटांत आटोपले, मला चार तासांना दहाच मिनिटे कमी लागली. मग तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर लावून बसले. पहिले मिनिटभर ४.५ गिगाहर्ट्झ, तेवढ्यात तापमान ९८ अंशांवर, आणि वेग घसरून २.२ वर आला तो शेवटपर्यंत तिथेच. दुरुस्तीला नेला, तर बिघाड काहीच नाही.

प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढी उष्णता बाहेर काढावी लागते. इंटेलच्या कोअर आय७-१३७००एचची बेस पॉवर, म्हणजे सततच्या कामासाठी धरलेली वीज, ४५ वॅट आहे; टर्बोत, म्हणजे थोडा वेळ वेग वाढवताना, ती ११५ वॅटपर्यंत जाते. या दोहोंमधले किती वॅट तासन् तास टिकतील हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, आपल्या हीटपाइप आणि पंख्यांची कुवत पाहून. प्रोसेसरच्या नावात ते दिसत नाही. २०२० मध्ये ॲपलची एम१ चिप मॅकबुक एअरमध्ये पंख्याविना आली आणि मॅकबुक प्रोमध्ये पंख्यासह. छोट्या कामात दोन्ही जवळपास सारखे, लांबलेल्या कामात एअर मागे पडतो. वॅट दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही हेही खरे, कारण वेगाबरोबर व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणूनच सर्वांत वरचा प्रोसेसर कोंडलेल्या यंत्रात घेण्यापेक्षा मधला प्रोसेसर, पण नीट थंड राहणारा लॅपटॉप मी घेईन.

आपल्या परीक्षकांना विनंती आहे की सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजून गुणांक देणारे सॉफ्टवेअर, एकदा चालवून थांबू नका. सलग अर्धा तास फिरवा आणि पहिला व शेवटचा गुणांक शेजारी शेजारी छापा. त्या वेळी प्रोसेसर किती वॅटवर स्थिरावला तेही द्या. चार्जर काढून एकदा मोजा, बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हात आखडता घेतात. पंख्याच्या आवाजाबद्दल एखादी ओळ पुरेल.

पुढच्या महिन्यात आमच्या कार्यालयासाठी सहा लॅपटॉप घ्यायचे आहेत आणि निवड माझ्याकडे आहे. तोवर एखाद्या परीक्षणात हे आकडे आले, तर मी ते कापून फायलीत लावीन.

आपली,
एक वाचक, स्ट्रक्चरल इंजिनिअर