मंत्रिमहोदय, आमच्या तालमीच्या खोलीचं काय झालं?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास पोलीस आमचा मृदंग उचलून घेऊन गेले.

तो मृदंग आपल्याला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी लालबागला आमच्या चाळीच्या जागी नवी इमारत व्हायची होती, तिच्या भूमिपूजनाला आपण आला होता. नमन म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य. आमच्या नमन मंडळाने गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, गाऊन आपलं स्वागत केलं. आपण माझ्या गळ्यातला मृदंग मागून घेतलात, स्वतःच्या गळ्यात अडकवलात आणि दोन थापा मारल्यात. फोटो निघाले. मग माईक हातात घेऊन म्हणालात की नव्या इमारतीत तळमजल्यावर या मंडळाला तालमीसाठी खोली मिळेल, हा माझा शब्द आहे. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या. माझ्या बायकोने आपल्याला ओवाळलं होतं.

इमारत झाली. तळमजल्यावरची खोलीही झाली. तिच्यात आता व्यायामाची यंत्रं आहेत आणि दाराला अंगठा लावायचं मशीन आहे. आमच्यातल्या कुणाच्याच अंगठ्याने ते दार उघडत नाही. शिमगा जवळ आला म्हणून आम्ही गाड्या लावतात तिथल्या एका कोपऱ्यात तालीम धरली. एक मृदंग, दोन जोड झांजा, चौदा पोरं. लाऊडस्पीकर नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस आले.

तक्रार करणाऱ्या मुलीवर माझा राग नाही. ती दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आली. तिचं बाळ दोन महिन्यांचं आहे. "काका, मी फक्त आवाज कमी करायला सांगा म्हटलं होतं, वाद्य नेतील असं वाटलं नव्हतं," म्हणाली आणि रडायला लागली. तिचं बाळ झोपायला हवं आणि आमची तालीमही व्हायला हवी. या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत व्हाव्यात म्हणूनच तर दार बंद होणारी एक खोली मागितली होती!

मृदंग तीन रात्री चौकीत पडून होता. आपण दोन थापा मारल्यात म्हणून सांगतो, मृदंगाच्या एका पुडीला, म्हणजे कातड्याच्या तोंडाला, काळ्या लेपाची शाई असते आणि दुसरीला वाजवण्याआधी कणीक लावतात. वाजवून झालं की ती कणीक खरवडून काढावी लागते, नाहीतर कातडं खराब होतं. त्या रात्री कणीक काढायला कुणी वेळ दिला नाही. मंगळवारी मृदंग परत मिळाला तेव्हा कणीक दगडासारखी वाळली होती आणि शाईची पुडी फाटली होती. विचारलं तर "आमच्याकडे आला तेव्हा असाच होता," असं उत्तर मिळालं. हा मृदंग माझ्या वडिलांचा, फणसाच्या लाकडाचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, त्यातले ते एक. पहिल्या वर्षी आईची पोत गेली, मग घड्याळ, मग पितळी भांडी. घरात विकण्यासारखं एवढंच उरलं होतं, पण याला त्यांनी हात लावला नाही.

मी कायदा वाचलेला माणूस नाही, पण या आठवड्यात वाचला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यात रात्र धरली आहे दहा ते सहा. राहत्या वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल. आमच्या मृदंगाने ती ओलांडली असेल, नाही म्हणत नाही. पण मोजली कुणी? मोजायचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. वर्षातले १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, तीही त्याच नियमांत आहे. ते दिवस मोठमोठ्या उत्सवांत संपतात. तालमीच्या रात्रीला त्यात जागा कुठे आहे?

मंत्रिमहोदय, मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. तुमचं सरकार सादरीकरणाला ओळखतं, तालमीला ओळखत नाही. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली, २०२५ साली गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. या सगळ्याचा मला मनापासून आनंद झाला, पेढे वाटले आम्ही. पण महोत्सव म्हणजे एक दिवस, एक मांडव, एक हार. नमनात संकासुराचं सोंग करणारा पोरगा मांडवात तयार होत नाही. गौळणीतल्या मावशीचं हजरजबाबी बोलणं कुठे लिहिलेलं नसतं, ते जुन्या मावशीच्या शेजारी बसून दहा वर्षं ऐकावं लागतं. जाखडी नाचात पायातले चाळ एका ठेक्यात वाजायला शंभर रात्री लागतात. या रात्री कुठे घालवायच्या?

पूर्वी त्याला जागा होती, गावकीची खोली. रत्नागिरीतल्या गावांनी गिरणगावात अशा खोल्या घेतल्या होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस चाकरमानी. कुणी पहिल्या पाळीला, कुणी रातपाळीला, म्हणून सगळे कधी एकदम झोपायला नसायचेच. भिंतीला ट्रंका, जेवण खानावळीत, कोपऱ्यात देवाची तसबीर आणि खुंटीला मृदंग. गावच्या भांडणांचा निवाडा तिथेच व्हायचा, लग्नं तिथे ठरायची, आणि शनिवारी रात्री नमनाची नाहीतर शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची तालीम. शेजारी वैतागायचे नाहीत का? वैतागायचे. मग ते त्यांच्या भजनाच्या रात्री आम्हाला वैतागायला लावायचे. हिशेब चुकता व्हायचा.

ही खोली भाड्याने घेताना पावती कुणाच्या तरी एकाच्या नावावर घ्यावी लागे. गावातला शहाणा माणूस बघून त्याच्या नावावर घेतली जायची. साठ-सत्तर वर्षं कुणाच्या मनात काही आलं नाही. मग पुनर्विकास आला. सर्वेला आलेल्या साहेबाने विचारलं, "इथे राहतो कोण?" आम्ही म्हणालो, "गाव." तो म्हणाला, "गाव नाही चालणार, भाडेकरूचं नाव सांगा." पावतीवरचा माणूस कधीच वारला होता. फ्लॅट त्याच्या वारसांना मिळाला. कायद्याने बरोबर असेल. पण ज्या गावाने घरटी वर्गणी काढून सत्तर वर्षं भाडं भरलं, ते गाव एका सहीत मुंबईतून बेघर झालं. आमच्यासारख्या किती गावांचं असं झालं असेल, याची नोंद तुमच्या कुठल्या कागदावर आहे?

म्हणूनच तर आम्ही आपल्या शब्दावर जीव टाकला होता.

आणि हे फक्त आमचं कोकणातल्यांचं नाही. आमच्या चाळीच्या आवारात नवरात्रात तेलुगू पद्मशाली बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरायच्या. माझ्या आईला त्यांची अर्धी गाणी तोंडपाठ होती, अर्थ एकीचाही माहीत नव्हता. जौनपूरकडचा एक भय्या गिरणीच्या गेटवर बिरहा म्हणायचा, तो कान सांगेल त्या ठेक्यावर आमच्यासोबत झांज धरायचा. हॉटेलात राबणारे तुळू बोलणारे लोक यक्षगानासाठी पैसे साठवायचे. सगळ्यांना मिळून एकच आवार होतं. तिथे आता मोटारी उभ्या असतात, आणि बतुकम्मावाल्या बायका लिफ्टसमोरच्या जागेत पाच मिनिटांत फेर उरकतात. मुंबई सगळ्यांची, असं भाषणात आपण नेहमी म्हणता. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकायचं कुठे, तेही सांगा!

जागा नाही, हे उत्तर मला देऊ नका. जमीन होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी जायचा होता. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची राहिली. बाकी सगळं मालकांच्या पदरात. आम्ही मोर्चे काढले, घसे बसवले. आज त्याच जमिनीवर चाळीस-पन्नास मजले उभे आहेत आणि आमच्या वाट्याला पार्किंगचा कोपराही येत नाही. ज्या गिरणगावात १९४४ साली शाहीर अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ज्या डफांवर संयुक्त महाराष्ट्राची सभा पेटायची, त्या गिरणगावात आज वाद्य ठेवायला खुंटी नाही. आमची मंडळं जिथे तिकीट लावून प्रयोग करायची ते परळचं दामोदर नाट्यगृहही २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झालं. शाहिरांची नावं रस्त्याच्या पाट्यांवर आहेत, आणि शाहिराचा नातू तालीम कुठे करणार, हे विचारायला गेलं की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. आपल्या कार्यालयात मी सात खेपा घातल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "अर्ज ठेवून जा".

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. गुडघा दुखतो, डाव्या कानाला कमी ऐकू येतं, तरी पोरांना शिकवायला उभा राहत होतो. मृदंगाची पुडी मी भरून घेईन, पैसे मागत नाही. पण शनिवारी चौदा पोरं होती, मंगळवारी पाच आली. एकाच्या वडिलांचा फोन आला, "दादा, पोराच्या पासपोर्टचं काम चालू आहे, पोलिसांत नाव नको." दुसऱ्याला बँकेत नोकरी लागायची आहे. तेही घाबरले. त्यांना मी काय तोंडाने बोलावू? ही नऊ पोरं परत आणून देण्याची ताकद तुमच्या कुठल्या पुरस्कारात आहे?

माझी मागणी तीच आहे, चार वर्षांपूर्वीची. आपण शब्द दिलेली खोली आठवड्यातून दोन रात्री, आठ ते दहा, उघडून द्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जे लावावं लागेल त्याचा खर्च आम्ही गावाकडून वर्गणी काढून करू. आणि यापुढे जिथे चाळ पाडाल तिथे पाडण्याआधी विचारा की इथे कुठल्या गावाची खोली होती, कुठली मंडळं बसत होती, आणि ते कागदावर लिहून घ्या.

तोवर आम्ही उसना मृदंग घेऊन उड्डाणपुलाखाली बसतो. वरून गाड्या जातात, त्यामुळे कुणाची तक्रार येत नाही. पोरांना ठेका ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्या पाठीवर हाताने वाजवून दाखवतो. मंगळवारी आणि शनिवारी, रात्री आठला. आपण यावं.

आपला,
नमन मंडळाचा मृदंगवाला,
लालबाग, मुंबई