एक्स्टेन्शन रॉड लावला म्हणून टॉर्क वाढवू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातील वाहन-देखभालीच्या सदरात गेल्या आठवड्यात असा सल्ला छापून आला की, टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, गाठताच ‘क्लिक’ असा आवाज करणारा पाना) आणि सॉकेट यांच्यामध्ये एक्स्टेन्शन रॉड जोडल्यास टॉर्क वाटेत कमी होतो, म्हणून रेंचवरचा आकडा दहा टक्के वाढवून घ्यावा. हा सल्ला चुकीचा आहे. इंजिनाच्या खोल विहिरीत, म्हणजे खोलगट भोकात, बसवलेल्या स्पार्क प्लगसाठी तो पाळला, तर अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधले आटे जाण्याची भीती असते आणि ते दुरुस्त करण्यासाठी कधी कधी हेडच उतरवावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय अनेक वर्षे शिकवलेला असल्यामुळे मला गप्प राहणे योग्य वाटले नाही.

टॉर्क म्हणजे बळ गुणिले अंतर, आणि हे अंतर बोल्टच्या मध्यरेषेपासून हाताच्या पकडीपर्यंत आडवे मोजायचे असते. एक्स्टेन्शन रॉड बोल्टच्या मध्यरेषेतच उभा असतो. त्यामुळे तो ७५ मिलिमीटरचा असो वा २५० मिलिमीटरचा, या आडव्या अंतरात काहीही फरक पडत नाही. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर तितके जाते हलके फिरते, पण खुंट्याची उंची वाढवल्याने जाते हलके झाल्याचे कोणी पाहिलेले नाही. लांब रॉड थोडा पिळतो हे खरे आहे. परंतु त्या पिळामुळे हात जरा जास्त फिरवावा लागतो एवढेच, एका टोकाला दिलेला टॉर्क दुसऱ्या टोकाला तेवढाच पोहोचतो.

हा गैरसमज कारागिरांच्या एका खऱ्या अनुभवातून आला असावा, असे मला वाटते. टायरच्या दुकानात हवेवरच्या इम्पॅक्ट गनला लांब रॉड लावला की नट कमी आवळला जातो. गन ठोके देऊन फिरवते आणि प्रत्येक ठोक्यातली काही शक्ती रॉड स्प्रिंगसारखा पिळून स्वतःतच जिरवतो. टॉर्क रेंच मात्र ठोके देत नाही. तो सावकाश, एकसारख्या ओढीने वापरायचा असतो. त्यामुळे गनचा अनुभव रेंचला लागू पडत नाही.

रॉड लावल्यावर जी चूक खरोखर होते, ती कलण्याची. उंच खुंट्याला जोर लावला की जात्याची वरची तळी जशी कलू पाहते, तसाच लांब रॉडही ओढीच्या दिशेने झुकतो, सॉकेट नटच्या कोपऱ्यांवर चढतो, रॉड विहिरीच्या भिंतीला घासतो आणि क्लिक ऐकू आला तरी सगळा टॉर्क नटपर्यंत गेलेला नसतो. यावर उपाय आकडा वाढवण्याचा नाही. डाव्या हाताचा तळवा रेंचच्या डोक्यावर ठेवून ते आधाराने सरळ धरावे, उजव्या हाताने पकडीच्या मधोमध धरून ओढावे, आणि काम होईल तेवढाच आखूड रॉड निवडावा. युनिव्हर्सल जॉइंट (सॉकेट तिरपे वळवू देणारा सांधा) कोनात फिरताना टॉर्क कमीजास्त करतो, म्हणून नेमक्या टॉर्कच्या कामात तो शक्यतो टाळावा.

आकडा बदलावा लागतो तो वेगळ्या प्रसंगी. सॉकेट बसत नाही अशा अडचणीच्या जागी रेंचच्या पुढे क्रोफूट पाना (बाजूने नटवर सरकवायचा उघड्या तोंडाचा छोटा पाना) जोडतात. तो दांड्याच्या रेषेत पुढे आला की आडवे अंतरच वाढते. समजा, रेंचच्या चौकोनी ड्राइव्हच्या (सॉकेट बसवायच्या टोकाच्या) मध्यापासून पकडीच्या मध्यापर्यंत ३६० मिलिमीटर आहेत, क्रोफूटमुळे त्यात ६० मिलिमीटरची भर पडली आणि बोल्टला ७० न्यूटन मीटर हवेत. तर ७० ला ३६० ने गुणून ४२० ने भागावे, म्हणजे रेंच ६० वर लावावा लागतो. तो ७० वरच ठेवला तर बोल्टवर जवळजवळ ८२ न्यूटन मीटर पडतात. हाच क्रोफूट दांड्याशी काटकोनात लावला, तर दुरुस्ती करण्याची गरज उरत नाही; शक्य असेल तेथे मी विद्यार्थ्यांना हीच पद्धत सांगत आलो. दांड्यावर पाइप चढवणे मात्र कधीही नको, कारण त्याने पकडीची ठरलेली जागा बदलते आणि रेंचही बिघडतो.

दहा टक्क्यांची काळजी करणाऱ्यांनी आधी आट्यांकडे पाहावे. आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी सुमारे नऊ दशांश भाग नटच्या बुडाखाली आणि आट्यांत घर्षणात खर्च होतो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरल्यास बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. शिवाय आयएसओ ६७८९ या मानकानुसार १० न्यूटन मीटरहून अधिक क्षमतेच्या नेहमीच्या क्लिक रेंचला अधिक-उणे ४ टक्के फरकाची मुभा असते, आणि वेगळी व्यवस्था नसल्यास १२ महिने किंवा ५,००० वापर यांपैकी जे आधी होईल तेव्हा कॅलिब्रेशन (रेंचचा आकडा बरोबर आहे का याची तपासणी) करून घ्यायचे असते. हे किती गॅरेजांत होते?

सदराच्या वाचकांपैकी अनेक जण घरी स्वतः प्लग बदलतात, म्हणून ही दुरुस्ती त्याच सदरात ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे