इकोचा हात बसावा म्हणून: सिम्युलेटरसाठी मदतीचे आवाहन

सस्नेह नमस्कार.

धाप लागलेला रुग्ण खाटेवर बसून आहे. त्याला आडवे होता येत नाही, मग डाव्या कुशीवर वळून श्वास रोखणे तर दूरच. प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडून चित्र टिपणारे सोनोग्राफीचे उपकरण, हातात घेतलेला रेसिडेंट (विशेषज्ञ होण्यासाठी शिकणारा डॉक्टर) बरगड्यांमधली फट शोधतो आहे. हाड आणि फुप्फुसातली हवा ध्वनिलहरींना पुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे हृदय दिसेल अशा जागा मोजक्याच. पडद्यावर नुसता करडा धूर. अखेर वरिष्ठ प्रोब घेतात, मनगट जरासे वळवतात आणि चारही कप्पे स्वच्छ दिसू लागतात. तपासणी पार पडते. पण ते मनगट नेमके किती आणि कुठे वळले, हे शिकणाऱ्याला कळलेलेच नसते.

आम्ही एका अध्यापन रुग्णालयाचे माजी विद्यार्थी. हा प्रसंग आम्ही आधी शिकताना आणि पुढे शिकवताना, दोन्हीकडून अनुभवला आहे. म्हणूनच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकवणारा सिम्युलेटर घेण्यासाठी आमची संघटना निधी जमवत आहे.

या यंत्रात माणसाच्या धडाचा पुतळा आणि खऱ्यासारखा प्रोब असतो. त्या प्रोबमधून ध्वनिलहरी निघत नाहीत. त्याची जागा आणि कोन सेन्सर टिपतो आणि संगणक त्रिमितीय हृदयाचा नेमका तोच छेद पडद्यावर दाखवतो. शेजारीच ते अख्खे हृदय आणि त्यातून आरपार जाणारे छेदाचे प्रतल दिसते. आमच्या मते सगळे मोल या शेजारच्या चित्राचे आहे. प्रोब सरकवला, कलता केला किंवा जागच्या जागी फिरवला, की छेद कुठून कुठे गेला हे तिथे दिसते. छेद हृदयाच्या खऱ्या टोकातून न जाता तिरका गेला, तर डावी जवनिका (हृदयाचा डावा खालचा कप्पा) आखूड आणि गोल दिसते, तिचे आकुंचनही आहे त्याहून चांगले भासू शकते. चित्र देखणे, निष्कर्ष चुकीचा! रुग्णाजवळ ही चूक कोणी जाणकार उभा असेल तरच पकडली जाते. सिम्युलेटरवर ती शिकणाऱ्याला स्वतःला दिसते, आणि तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून पाहू शकतो.

भोवती पाणी साचून हृदय दाबले जाते, तेव्हा निदानाला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. असा रुग्ण शिकणाऱ्याच्या पाळीतच येईल याचा नेम नाही. पुतळ्यावर तो आजार हवा तेव्हा दाखवता येतो. अन्ननलिकेतून प्रोब घालून करायच्या इकोसाठी तर आम्हाला हा सराव फारच गरजेचा वाटतो. अमेरिकन तज्ज्ञ संघटनांच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी २० प्रमाणित दृश्ये होती, २०१३ मध्ये ती २८ झाली. अन्ननलिकेला इजा क्वचितच होते, पण झाली तर गंभीर असते. ती २८ दृश्ये शोधण्याची पहिली धडपड भूल दिलेल्या माणसावर का व्हावी?

पुतळ्याला वेदना होत नाहीत, तो घाबरत नाही, त्याच्या बरगड्यांमधल्या फटी नेहमी सोयीच्या असतात. त्यामुळे सिम्युलेटरनंतरही प्रत्येक रेसिडेंट वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांवर शिकेलच. त्या प्रशिक्षणात आम्ही काहीही कमी करणार नाही.

आपल्याला जमेल तेवढी रक्कम द्या, लहान-मोठी असा भेद नाही. पण शिकवणारा नसेल तर असे यंत्र खोलीत धूळ खात पडते, म्हणून पैशांइतकाच आम्हाला आपला वेळ हवा आहे. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अनुभवी इको तंत्रज्ञ यांनी आठवड्यातला एक तास दिला तरी वर्ग नियमित चालेल. संगणक आणि सेन्सरची देखभाल जाणणारे कोणी असेल तर त्यांचीही गरज आहे. ज्यांच्याकडे शिकवण्याजोग्या इको चित्रफिती आहेत, त्यांनी रुग्णाची संमती घेऊन, नाव आणि ओळखीच्या सर्व खुणा काढून त्या द्याव्यात.

देणगीची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवला जाईल. तासाची जबाबदारी घेणाऱ्यांनी आपल्या सोयीचा वार आधी कळवावा, त्यावरूनच वर्गाचे वेळापत्रक बांधायचे आहे.